किमचीत मासळी असते का? माळकरी मैत्रिणीला कोरियन-अमेरिकन ठिकाणी नेलं आणि चूक झाली

धरमपेठ_ते_महाल

मंडळी, थोडं लांब लिहून राहिली आहे, पण पूर्ण सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

पश्चिम नागपुरात एक नवीन जागा निघाली आहे, बोर्डावर कोरियन-अमेरिकन लिहिलंय. नाव मुद्दाम देत नाही. फार पॉश वगैरे नाही, दहाबारा टेबलं, काउंटरवर ऑर्डर द्यायची, नंबर पुकारला की आपणच ट्रे उचलून आणायचा, कॉलेजच्या पोरापोरींची गर्दी. मी ऑफिसच्या लोकांसोबत एकदा गेली होती आणि तिथलं चिकन मला इतकं आवडलं की मी माझ्या मैत्रिणीच्या मागेच लागली, चल चल म्हणून.

ही मैत्रीण म्हणजे पाचवीपासून एकाच बाकावर बसलेली. घर महालात, वारकऱ्यांचं, आजोबांपासून पंढरपूरची वारी. हिने दोन वर्षांआधी स्वतःहून माळ घातली, घरून कोणी म्हटलं नव्हतं. मासळी-मटण तर त्यांच्या घरात आधीपासूनच नाही, अंडंसुद्धा नाही, वाढदिवसाचा केकही विचारून खाते. पण नवीन काही खाऊन पाहायची तिला माझ्यापेक्षा जास्त हौस आहे. कोरियन सिरियली रात्र रात्र जागून पाहते, त्यात टपरीवर उभं राहून लाल रश्श्यातले तांदळाचे लांबुळके तुकडे खातात ना, तोकबोक्की, ते तिला कधीचं खायचं होतं.

तर मागच्या शनिवारी गेलो. काउंटरवरच्या पोराला मी स्वतः विचारलं, सगळं वेज पाहिजे, अंडंपण नको, तो म्हणाला हो मॅम, मेनूत हिरवा ठिपका आहे ते सगळं प्युअर वेज. मंग किमची केसाडिया घेतला (मक्याच्या पातळ पोळीत चीज आणि किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट कोरियन लोणचं, घालून तव्यावर शेकून तुकडे करतात), तोकबोक्की, आणि वरून साखर भुरभुरवलेला चीजचा कॉर्न डॉग (काडीला चीज टोचून, पिठात बुडवून तळतात तो). माझे चिकन विंग्ज वेगळ्या ट्रेमध्ये, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तोकबोक्की पाहून तिचा चेहरा असा फुलला होता की मी फोटो काढला. किमची तर तिला फारच आवडली, म्हणाली अगं हे आपल्या मुळ्याच्या लोणच्याच्या जातीचं आहे, आणि वेगळी एक वाटी मागवून नुसतीच खाल्ली.

मी टिश्यू आणायला उठली तर किचनचा दरवाजा उघडा होता आणि आतला माणूस किमचीच्या डब्यात एका बाटलीतून काहीतरी ओतून राहिला होता, बाटलीवर मासोळीचं चित्र. मी विचारलं तर अगदी सहज म्हणाला, किमची में तो पड़ता ही है मैडम.

दोन मिनिटं तिथेच उभी राहिली. न सांगता घरी नेऊ का, असा विचार मनात आला हे कबूल करते. पण पंधरा वर्षांच्या मैत्रीत हिच्याशी कधी खोटं बोलली नाही, टेबलावर येऊन सांगून टाकलं. तिने हातातला काटा खाली ठेवला, पाणी प्यायली, काऊंटरवर भांडली नाही, माझ्यावरही चिडली नाही. सीताबर्डीपर्यंत मेट्रोत आम्ही दोघी गप्प. ती माळ मुठीत धरून बसली होती. तेव्हापासून मेसेजला "हो", "ठीक", "बघू" एवढंच उत्तर येऊन राहिलं.

मला विचारायचं हे की किमचीत नेहमीच मासळी असते का, की या लोकांनीच घातली? तोकबोक्की आणि कॉर्न डॉगमध्ये पण काही असेल का? आणि ज्यांच्या घरी माळ आहे त्यांनी मला सांगा की अशा वेळी तिच्याशी काय बोलावं. मीच घेऊन गेली होती तिला.


तर्री_जास्त_टाका

सरळ अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कर. फूड सेफ्टी कनेक्ट नावाचं सरकारी अ‍ॅप पण आहे, फोटो टाकून तक्रार करता येते. हिरवा ठिपका लावून मासळी खाऊ घालणं हा काही छोटा विषय नाही, आज तुझी मैत्रीण, उद्या एखादा ॲलर्जीवाला पोरगा.


हॉटेललाईन_नागपूर

ताई, मी बारा वर्षांपासून हॉटेललाईनमध्ये आहे, सध्या वर्धा रोडवर एका किचनला काम करतो, म्हणून आतलं सांगतो.

किमचीत मासळी नेहमीची असते, त्या लोकांनी मुद्दाम काही वेगळं घातलं असं नाही. कोरियात नेहमीची जी किमची आहे तिच्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी पडतात, एक फिश सॉस, म्हणजे अँकोव्ही नावाची बारकी मासोळी मिठात महिनोन्महिने मुरवून तिचं जे पाणी सुटतं ते, आणि दुसरं सेउजोत, म्हणजे आपला जवळा असतो ना तशी बारकी कोळंबी मिठात मुरवलेली. याच्याने कोबीच्या आंबटपणाखाली एक भरलेली खारट चव येते, किमची खाल्ल्यावर पुन्हा हात जातो तो त्याच्यामुळेच. मासळीचा वास मात्र मिरची-लसणात असा दडतो की खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. तुमच्या मैत्रिणीची चूक काहीच नाही.

चूक काउंटरची आहे आणि ती कशी होते ते पण सांगतो. मेनू बनवणारा माणूस "कोबीचं लोणचं" म्हणून हिरवा ठिपका लावून मोकळा होतो, काउंटरवरचा पोरगा तो ठिपका पाहून बोलतो, आणि ज्याच्या हातात बाटली आहे त्याला कोणी विचारतच नाही. म्हणून मी माझ्या जैन पाहुण्यांना नेहमी म्हणतो की "वेज आहे का" असं विचारूच नका, त्याचं उत्तर कोणीही हो देतो. "किमचीत फिश सॉस कोणता टाकता" असं विचारा, म्हणजे पोरगा आत जाऊन बाटली पाहून येतो.

आता बाकीचं. तोकबोक्कीचा रस्सा कोरियन पद्धतीने सुकवलेल्या अँकोव्ही आणि समुद्री शेवाळाच्या पाण्यात करतात, आणि त्यात पातळ चपट्या पट्ट्या दिसल्या तर ते ओमुक, म्हणजे मासळी वाटून केलेलं असते. इथल्या बऱ्याच ठिकाणी मात्र नुसतं पाणी आणि तयार पेस्ट वापरतात कारण ते स्वस्त पडते, तेव्हा तिथे काय केलं हे त्यांनाच विचारावं लागेल. त्यातली लाल पेस्ट, गोचुजांग, ती मूळ शाकाहारी आहे, तिखट, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, मीठ. त्याचा गोडवा तांदळातून आणि जवाच्या माल्टमधून येतो. तरी डब्यावरचा हिरवा ठिपका पाहायचा. कॉर्न डॉगमध्ये आत चीज असलं तरी बाहेरच्या पिठात कधी कधी अंडं असते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तेल. ज्या फ्रायरमध्ये तुमचे विंग्ज तळले त्याच तेलात कॉर्न डॉग तळला का, हे मी पैज लावून सांगतो की तुम्ही विचारलं नसेल, कोणीच विचारत नाही. मेयोनीज इथलं बहुतेक बिनअंड्याचं मिळते, पण परदेशातून आणलेलं असलं तर त्यात बहुतेक अंड्याचा पिवळा बलक असतो. रामेन नूडल्सच्या पाकिटातला मसाला पण पाहायचा.

त्या आतल्या माणसावर राग धरू नका. त्याने खरं सांगितलं.


धरमपेठ_ते_महाल

@हॉटेललाईन_नागपूर दादा, तेलाचं खरंच विचारलं नव्हतं. तुमचं वाचून पोटात खड्डा पडला, पण कळलं हे बरं झालं. तोकबोक्कीत चपट्या पट्ट्या नव्हत्या, एवढं मला पक्कं आठवते.


सरळ_बोलणारा

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माळ घातली की बाहेरचं खाणं सोडावं, माझे वडील बाहेरचा चहासुद्धा घेत नव्हते. जिथे शेजारच्या टेबलावर चिकन चालू आहे तिथे जायचंच कशाला? कोरियन म्हणा का अमेरिकन म्हणा, ते आपलं नाहीच.


धरमपेठ_ते_महाल

@सरळ_बोलणारा तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. पण माझी मैत्रीण माळ घालून नोकरी करते, मेसला जेवते, गाड्यांनी फिरते, आणि तरी नियम मोडत नाही, विचारून विचारून खाते. त्या दिवशी पण विचारलं होतं. ज्याने विचारलं त्याला खरं उत्तर मिळायला पाहिजे, इतकंच माझं म्हणणं. तिने घरीच बसावं असं मी तिला कधी म्हणणार नाही.


वरोऱ्याची_सून

पोरी, मी माळकरी घरात एकतीस वर्षांपूर्वी सून म्हणून आली आणि माहेर माझं खाणारं होतं, म्हणून मला तुझी बाजूपण कळते आणि तिची पण.

आमच्याकडे असंच झालं होतं. एका लग्नात पंगत वेगवेगळी होती पण वाढपी पोरं एकच, त्यांनी मामंजींच्या पानात चुकीचा रस्सा वाढला, दोन घास गेल्यावर शेजारच्याने ओळखलं. मामंजी उठले, चूळ भरली, घरी येऊन आंघोळ केली, तुळशीपाशी बसून हरिपाठ म्हटला आणि दुसऱ्या दिवशी एकादशी नसताना उपवास धरला. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि आम्हीपण काढला नाही. नकळत झालं ते झालं. ज्याने त्याने आपल्या मनाने काय करायचं ते ठरवायचं असते.

तुला एकच सांगते. तिला "काही होत नाही गं, थोडंसंच तर होतं" हे चुकूनही म्हणू नको. तुला वाटेल की तिचं ओझं हलकं करून राहिली, पण तिला ऐकू येईल की तिच्या माळेची किंमत तुला नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने मला असंच म्हटलं होतं, ते मला अजून लागते. तू घरी जा. मेसेजवर हे बोलणं नको. तिच्या आईला पण सांग की मी नेलं होतं. माळकरी घर रागवत नाही गं पटकन, चहा ठेवतात आधी.


आठ_वर्षं_परदेशात

मूळ नागपूरची, काही वर्षं लॉस एंजेलिसला होते, आता परत आले. मासळीचं वरती दादांनी सांगितलंच. पण हे कोरियन-अमेरिकन नेमकं काय, आणि त्यात मासळी लागतेच का, याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण वर "ते आपलं नाहीच" असं कोणीतरी लिहिलंय आणि गंमत अशी की हे खाणं नेमकं "आपलं-परकं" एकत्र शिजून झालेलं आहे.

तुम्ही खाल्ला तो किमची केसाडिया कोरियातला नाही. केसाडिया मेक्सिकोचा, किमची कोरियाची आणि दोघांचं लग्न लागलं लॉस एंजेलिसमध्ये. अमेरिकेत १९६५ साली बाहेरच्या लोकांना येऊ देण्याचा कायदा बदलला, त्यानंतर कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येने तिथे गेली. त्या शहरात कोरियाटाऊन म्हणून भाग आहे, नाव कोरियन पण राहणाऱ्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे लोक भरपूर. कोरियन हॉटेलांच्या किचनमध्ये मेक्सिकन हात काम करतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात. मंग नोव्हेंबर २००८ मध्ये कोगी नावाचा ट्रक रस्त्यावर आला, शेफ रॉय चोई, जन्म सोलचा पण वाढला तिकडेच. कोगी म्हणजे कोरियन भाषेत मांस. मक्याच्या छोट्या पोळीत कोरियन पद्धतीने सोया-लसूण-साखरेत मुरवून भाजलेलं मांस आणि वर तिखट कोशिंबीर, एक टाको २ डॉलरला. ती मंदीची वेळ होती, लोकांच्या खिशात पैसे नव्हते. ट्रक आज कुठे उभा राहणार हे ट्विटरवर टाकायचे आणि रात्री बारालाही रांगा. किमची केसाडिया त्याच ट्रकवर नावाजला. त्यांच्याकडे टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा, टाकोपण असतो, मी वेज असल्याने तोच खायची.

उलट्या बाजूनेही असंच झालंय. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर कोरियात खायला नव्हतं, तेव्हा उइजोंगबू गावात अमेरिकन छावणीतून आलेले डब्यातलं मांस, सॉसेज यांच्यात किमची आणि तिखट घालून लोकांनी रस्सा केला, बुदे जिगे, म्हणजे शब्दशः छावणीचा रस्सा. आणि तुला आवडलेलं ते चिकन! तळलेलं चिकन अमेरिकनांचं, पण दोनदा तळून साल काचेसारखी कडक करायची आणि गोचुजांगच्या गोड-तिखट पाकात घोळवायची ही कोरियाची करामत.

आणि मैत्रिणीला हे नक्की सांग. कोरियात बौद्ध मठांचं स्वतःचं जेवण आहे, त्यात मांस नाही, मासळी नाही, त्यांची किमचीसुद्धा मासळीशिवायची. इतकंच नाही, लसूण आणि कांद्याच्या जातीचं काही नाही, वर्ज्य पाच पदार्थांच्या मूळ यादीत तर आपला हिंगसुद्धा येतो. बेक्यांगसा मठाच्या भिक्षुणी जोंग क्वान यांचं असं जेवण जगभरातले शेफ जाऊन शिकून येतात. म्हणजे तुझी मैत्रीण जे मागून राहिली आहे ते कोरियासाठी नवीन नाही, तिथे शेकडो वर्षांपासून लोक तसंच खाऊन राहिले आहेत. हॉटेलवाल्याने म्हटलं की मासळीशिवाय किमची होतच नाही, तर हे ऐकवायचं.


बरणीवाली

मी तर म्हणते घरीच करा ना! मी तीन वर्षांपासून करते, आमच्या घरात लहानपणापासून लोणची, सांडगे, कुरड्या सगळं घरचं, त्यामुळे हात बसायला वेळ लागला नाही. कोरियातही बायका थंडीच्या आधी एकत्र बसून सगळ्या मोसमाची किमची घालतात, किमजांग म्हणतात त्याला, २०१३ साली युनेस्कोने जगाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मला ते वाचून आमच्या वाड्यातलं वाळवणच डोळ्यांसमोर आलं होतं, गच्चीवर सगळ्या काकू, आणि राखण करायला आम्ही पोरं.

माझी पद्धत देते. चायनीज कोबी, तो लांबुळका, सीताबर्डीच्या बाजारात कधी मिळतो कधी नाही, नाही मिळाला तर आपला साधा कोबी चालतो, फक्त जरा करकरीत राहतो. किलोभर कोबीचे मोठे तुकडे करून मूठभर जाडं मीठ चोळायचं आणि दोन तास ठेवायचा, मधूनमधून खालीवर करायचा, पान वाकवलं की तुटलं नाही पाहिजे, वाकलं पाहिजे, मंग दोनदा धुऊन चाळणीत निथळत ठेवायचा. तोपर्यंत चमचाभर तांदळाची पिठी कपभर पाण्यात शिजवून खळ करायची आणि थंड होऊ द्यायची. त्यात तिखट, आलं, लसूण, चमचाभर साखर, आणि फिश सॉसच्या जागी दोन चमचे सोया सॉस. सुकवलेले मशरूम असतील तर दोन-तीन गरम पाण्यात भिजवून ते पाणी खळीत वापरा, मासळीने जी चव भरते तिच्या जवळ जाते. पातीचा कांदा, मुळ्याच्या काड्या, आणि सगळं कोबीला हाताने चोळून बरणीत दाबून भरायचं, वर दोन बोटं जागा सोडायची कारण ते फुगते.

तिखटाबद्दल जरा थांबते, इथेच बहुतेक लोक फसतात. कोरियन तिखट लालभडक असते पण आपल्याइतकं झोंबत नाही. आपली भिवापुरी घातली आणि त्यांच्या मापाने चार-पाच चमचे टाकली तर तोंडाला लावता येणार नाही! मी चार चमचे काश्मिरी आणि एक चमचा भिवापुरी घेते. (मिरची ना त्यांची मूळची ना आपली, अमेरिकेतून निघालेली, पोर्तुगीजांच्या जहाजांनी आपल्याकडे आली आणि त्यांच्याकडे जपानमार्गे पोचली असं मानतात. मला हे फार आवडते, की दोघांच्या सैपाकाची ओळखच एका पाहुण्या फळावर आहे.)

दुसरं म्हणजे आपलं ऊन. पुस्तकात लिहितात की दोन-तीन दिवस बाहेर ठेवा, ते थंड देशाचं झालं. नागपूरच्या मे महिन्यात दोन दिवस ठेवली तर सगळं आंबून मऊ पडते, माझी पहिली बरणी अशीच गेली. उन्हाळ्यात एक रात्र बाहेर, सकाळी बुडबुडे दिसले की सरळ फ्रीजमध्ये. झाकण घट्ट लावायचं नाही, खाली ताटली ठेवायची.


धरमपेठ_ते_महाल

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बारा दिवसांनी लिहून राहिली आहे, मधे बरंच झालं.

काकूंचं (वरोऱ्याची_सून) वाचून त्याच संध्याकाळी मी महालात गेली. मेसेज न करता. तिच्या आईने खरंच आधी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, की मी नेलं, मी आग्रह केला, तेलाचं मी विचारलं नाही. "थोडंसंच होतं" हे जिभेवर आलं होतं, गिळलं. मैत्रीण म्हणाली की तुझ्यावर राग नाहीच आहे, मला राग याचा आला की किमची मला इतकी आवडली होती, आणि आता ती चव आठवली की एकदम दोन्ही होते, पाणीपण सुटते आणि वाईटपण वाटते, मंग कोणाशी बोलावंसंच वाटत नव्हतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली समजून राहिली होती की ती माझ्यामुळे गप्प आहे. तिने एक दिवस उपवास केला होता आणि घरी कोणालाच सांगितलं नव्हतं, आईला त्या दिवशीच कळलं. आई एवढंच म्हणाल्या, मला सांगायचं ना, मीपण धरला असता.

मठातल्या जेवणाचं सांगितलं तेव्हा ती उठून बसली. भिक्षुणी कांदा-लसूणही खात नाहीत आणि तरी किमची घालतात, हे तिने मला दोनदा विचारून घेतलं. आता तिला लसणाशिवायची करून पाहायची आहे, चातुर्मासातही चालेल म्हणून.

मंग रविवारी त्यांच्या घरी बरणी घातली. चायनीज कोबी मिळाला नाही, साधाच घेतला. तिखटाचं माप तिच्या आईने ऐकलंच नाही, भिवापुरी दोन चमचे घातली. लसूण नाही, आलं जास्त, मुळा भरपूर. रात्रभर बाहेर ठेवली तर सकाळी सहाला तिचा फोन, अगं बुडबुडे आले! दोन दिवसांनी आम्ही पोळीत चीज आणि किमची घालून तव्यावर तुपात शेकली. तिच्या भावाने चार खाल्ल्या. हॉटेलातल्यासारखं झालं का तर नाही, त्यात ती गोडसर चव होती, याच्यात आल्याचा ठसका जास्त आहे, पण मला खरं म्हणजे हेच जास्त आवडलं.

त्या जागेबद्दल. तक्रार करायची की नाही यावर आम्ही दोघी बोललो, ती म्हणाली आधी जाऊन सांगू, ऐकलं नाही तर तक्रार. दुपारी चारला गेलो, गर्दी नसताना. मॅनेजर पंचविशीतला पोरगा होता. हॉटेललाईन दादांनी सांगितलं तसंच झालं, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. आत जाऊन बाटली घेऊन आला, आमच्यासमोर लेबल वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला माझी आजी पण माळकरी आहे. पेनने तिथल्या तिथे मेनूकार्डांवरचे किमचीचे हिरवे ठिपके खोडायला लागला, आम्ही दोघींनीपण बसून सात-आठ कार्डं खोडली. तोकबोक्कीत नुसतं पाणी आणि पेस्ट निघाली, पेस्टच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे. पण फ्रायर एकच आहे, तेव्हा कॉर्न डॉग तिच्यासाठी बंद, तो पण त्याने खोडला.

तिने तोकबोक्की मागवली. मी पण तीच घेतली, त्या दिवशी विंग्ज नाही घेतले.


हॉटेललाईन_नागपूर

ताई, वाचून बरं वाटलं. त्या मॅनेजरला सांगा की वेजसाठी छोटी वेगळी कढई ठेवली तरी काम भागते, वेगळा फ्रायर घ्यायची गरज नाही. चार लिटर तेलाचा खर्च आहे. आणि लसणाशिवायच्या बरणीचं महिनाभराने इथे लिहा, मला पण आमच्याकडे जैन पाहुण्यांसाठी करून पाहायची आहे.


वरोऱ्याची_सून

तिच्या आईला माझा नमस्कार सांग पोरी. आणि दोन चमचे भिवापुरी घातली ते बरोबरच केलं त्यांनी.